डच व्यापाऱ्याचे खिशातले पंचांग: कसे पाहावे, कसे वाचावे, कसे जपावे

अठराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याच्या खिशात मावणारे वार्षिक पंचांग आज हाती आले, तर प्रथम डोळ्यांत भरते ती त्याची बांधणी. चर्मपत्रावर किंवा वासराच्या चामड्यावर उमटवलेली सोनेरी वेलबुट्टी, क्वचित चांदीचे कोपरे आणि पुस्तिका मिटून ठेवणारा बंद, पानांच्या सोनेरी कडा, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फुलापानांचा चमकता कागद. विकणारा त्याचे मोल या देखणेपणावरून सांगतो आणि घेणाराही बहुधा तेवढेच पाहतो. मला मात्र अशा पुस्तिकेत तीन वेगवेगळे दस्तऐवज एकत्र शिवलेले दिसतात. छापखान्यातून आलेला मजकूर हा एक, बांधणाऱ्याने चढवलेले आवरण हा दुसरा, आणि मालकाने वर्षभर केलेल्या हस्तलिखित नोंदी हा तिसरा. या तिन्हींचे वर्ष एकच असेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाचून होईपर्यंत वस्तूवर कसलाही उपचार करू नये, साफसफाईसुद्धा नाही.

आधी हाताळणीविषयी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घालू नयेत, कारण त्यांमुळे बोटांना पानाची कड कळत नाही आणि पातळ कागद फाटतो. चांदीचा भाग हाताळायचा असेल तेवढ्यापुरते नायट्राइल या कृत्रिम रबराचे पातळ मोजे चालतात. टेबलावर दोन मऊ टॉवेल गुंडाळून त्यांच्या मधोमध पुस्तिका ठेवावी आणि ती आपण होऊन जेवढी उघडेल तेवढीच उघडावी. एवढ्या लहान, घट्ट शिवलेल्या पुस्तकाचा कणा सपाट उघडण्याच्या प्रयत्नात तडकतो. जवळ भिंग, मिलिमीटरची पट्टी, लहान विजेरी आणि टिपणासाठी शिसपेन्सिल असावी. शाईचे पेन त्या टेबलावर येऊच देऊ नये.

चांदीचा किंवा पितळेचा बंद असेल तर तो उघडण्यापूर्वी वरचा पुठ्ठा तळहाताने अलगद दाबावा. चर्मपत्र हे कमावलेले चामडे नव्हे. चुन्यात भिजवून, ताणून वाळवलेले ते कातडे असते आणि हवेतल्या ओलाव्याने फुगते, आकसते. ते ताब्यात राहावे म्हणूनच बंद लावत. दाब न देता बंदाचा आकडा ओढला तर तो बिजागरीतून निसटतो किंवा चर्मपत्रासकट उखडतो. काही पुस्तिकांना आकड्याऐवजी एकमेकांत बसणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांतून धातूची बारीक लेखणी सरकवलेली असते. म्हणजे लेखणी हीच कडी. अशी लेखणी जागेवर असली, तर आत चुन्यासारखा लेप दिलेली काही कडक पाने आहेत का ते पाहावे. त्यांवर धातूच्या टोकाने लिहायचे आणि ओल्या बोटाने किंवा स्पंजाने पुसायचे, अशी आपल्या पाटीसारखी ती सोय होती. त्या पानांवर शेवटचे लिहिलेले अजून अंधुक उरलेले असू शकते, आणि ओलसर फडक्याचा एक हात त्यावर फिरला की ते कायमचे जाते.

आता बांधणी. कणा, दोन्ही पुठ्ठे आणि अस्तराचा कागद यांची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत आणि मगच निरीक्षण सुरू करावे. भिंगातून पाहिल्यास चर्मपत्रावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. सोन्याची नक्षी एकाच मोठ्या ठशाने दाबलेली आहे की लहान लहान ठशांनी जुळवत नेली आहे, हे कोपऱ्यांत कळते. लहान ठशांची नक्षी कुठेतरी किंचित वाकडी जुळते. अस्तराला वापरलेला सोनेरी फुलांचा कागद ‘डच’ म्हणून विकला जातो, पण तो मुख्यतः जर्मनीत, ऑग्सबुर्ग आणि न्युर्नबर्गसारख्या शहरांत तयार होत असे, आणि त्यावरची चमक सोन्याची नसून बहुधा पितळी वर्खाची असते. म्हणून ती हिरवट किंवा तपकिरी पडते. हा दोष नव्हे, ते त्या कागदाचे वय आहे. पानाच्या कडेला कधी कागद करणाऱ्याचे नाव आणि नक्षीचा क्रमांक छापलेला राहून गेलेला असतो. तो मिळाला तर अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावा.

पंचांग एका वर्षाचे आणि आवरण मौल्यवान, अशी ही जोडी असल्यामुळे जुने आवरण ठेवून त्यात नवे पंचांग बसवणे व्यवहाराला धरूनच होते. त्यामुळे पुठ्ठ्यांची उंची आतल्या पानांशी नीट जुळते का, शिवणीची भोके एकाच ओळीत आहेत की जुनी रिकामी भोकेही दिसतात, पहिल्या आणि शेवटच्या पानावर पुठ्ठ्याच्या आत दुमडलेल्या चामड्याचा तपकिरी डाग उमटला आहे का, हे तपासावे. डाग जिथे हवा तिथे असेल, तर आवरण आणि पाने पुष्कळ वर्षे एकमेकांच्या सहवासात आहेत, असे मानता येते.

चांदीवर शहराचे, कारागिराचे आणि वर्षाक्षराचे ठसे असू शकतात. ॲमस्टरडॅमचे चिन्ह म्हणजे मुकुटाखाली गुणाकाराच्या खुणेसारखे तीन क्रॉस, एकाखाली एक. लहान वस्तूंवर अनेकदा एकटा कारागिराचाच ठसा सापडतो. नेदरलँड्समध्ये १८१४ साली चांदीच्या ठशांची नवी व्यवस्था आली आणि लहान वस्तूंवर इवल्याशा तलवारीचा ठसा येऊ लागला. १७५० सालच्या पंचांगावरच्या बंदाला तलवारीचा ठसा दिसला, तर तो बंद नंतरचा आहे, हे निश्चित समजावे.

पाने उघडल्यावर मुखपृष्ठ, म्हणजे आतले छापील शीर्षकपान, शोधावे. त्यावर ‘आल्मानाख’ हा शब्द, वर्ष, शहराची मुद्रा आणि छापणाऱ्याचे नाव असते. ‘कॉम्प्टोइर’ म्हणजे व्यापाऱ्याची पेढी; हा शब्द मुखपृष्ठावर असेल तर ते पेढीच्या कामासाठी काढलेले पंचांग होय. ‘स्ख्रैफ’ म्हणजे लिहिणे. तो शब्द असलेल्या पंचांगात छापील पानांच्या मधे कोरी पाने घातलेली असतात. डच पंचांगांची परंपरा जुनी आहे. एंकहाउझन या बंदरगावाच्या नावाने निघणारे पंचांग १५९५ पासून ज्ञात आहे. अठराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅममध्ये स्टिख्टर घराण्याच्या वारसांचे नाव पेढीच्या पंचांगांवर वारंवार दिसते.

मात्र मुखपृष्ठ हेच पान सर्वांत आधी हरवते. अशा वेळी वर्ष काढण्याची रीत मराठी वाचकाला फार परकी वाटणार नाही, कारण तीही पंचांगगणिताचीच आहे. पंचांगाच्या सुरुवातीला ‘सुवर्णांक’ आणि ‘रविवाराचे अक्षर’ दिलेले असते. इसवी सनाला १९ ने भागून जी बाकी उरते तिच्यात १ मिळवला की सुवर्णांक येतो. चंद्राच्या कला दर १९ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना परत येतात, हे त्यामागचे कारण. रविवाराच्या अक्षरासाठी १ जानेवारीला ‘ए’, २ ला ‘बी’ असे ‘जी’पर्यंत मोजत जायचे आणि पहिल्या रविवारी जे अक्षर येईल ते त्या वर्षाचे. लीप वर्षाला अशी दोन अक्षरे असतात. उदाहरणार्थ, १७७४ ला १९ ने भागल्यास बाकी ७ उरते, म्हणून सुवर्णांक ८. त्या वर्षी १ जानेवारीला शनिवार होता, म्हणजे रविवार २ तारखेला आणि अक्षर ‘बी’. ईस्टर ३ एप्रिलला आला. आपल्या हातातल्या मुखपृष्ठहीन पुस्तिकेत सुवर्णांक ८, अक्षर ‘बी’ आणि ईस्टर ३ एप्रिलला असेल, आणि कागद व अक्षरवळण अठराव्या शतकाचे असेल, तर वर्ष १७७४ धरण्यास हरकत नाही. एका शतकात सुवर्णांक आणि अक्षर यांची तीच जोडी जवळजवळ नेहमी एकदाच येते.

सतराव्या शतकातल्या पंचांगात तारखांचे दोन रकाने दिसले, तर गोंधळून जाऊ नये. हॉलंड आणि झीलंड या प्रांतांनी १५८२-८३ च्या सुमारास नवी, म्हणजे ग्रेगोरियन, कालगणना स्वीकारली. गेल्डरलंड, उत्रेख्त, फ्रीसलंड, ग्रोनिंगन हे प्रांत मात्र १७००-०१ पर्यंत जुन्याच कालगणनेवर चालत होते. दोन्हींत तोवर १० दिवसांचे आणि पुढे ११ दिवसांचे अंतर होते. एका दिवसाच्या प्रवासावरच्या गावी हुंडी पाठवायची तरी दोन तारखा सांभाळाव्या लागत. इंग्लंडने तर १७५२ पर्यंत जुनी गणना सोडली नाही, म्हणून लंडनशी व्यवहार करणाऱ्याच्या नोंदींत त्यापूर्वी दोन्ही तारखा तिरप्या रेषेने विभागून लिहिलेल्या आढळतात.

महिन्यांची डच नावे कधी लॅटिन नावांच्या शेजारी छापलेली असतात: जुलै म्हणजे गवत कापण्याचा ‘होइमांड’, ऑक्टोबर म्हणजे द्राक्षमद्याचा ‘वैनमांड’, नोव्हेंबर म्हणजे हिवाळ्यासाठी जनावरे कापण्याचा ‘स्लाख्तमांड’. वर्षाच्या खुणा राज्यबदलातही मिळतात. १७९५ साली बटाव्हियन प्रजासत्ताक आले; त्यानंतरच्या मुखपृष्ठांवर ‘बटाव्हियन स्वातंत्र्याचे’ अमुकवे वर्ष असा उल्लेख येतो. त्यानंतर १८०६ ते १८१० नेपोलियनचा भाऊ लुई बोनापार्ट याचे राज्य आणि १८१० ते १८१३ थेट फ्रान्सची सत्ता, हे बदलही दरबारी याद्यांत आणि सुट्ट्यांत उमटतात.

कागद तपासण्यासाठी पान प्रकाशाकडे धरू नये. त्याऐवजी पानामागे पातळ प्रकाशपट्टी सरकवावी किंवा विजेरीचा झोत बाजूने टाकावा. जाळीच्या साच्यावर केलेल्या या हातकागदात बारीक रेषांना छेदणाऱ्या, दूर दूर असलेल्या ठळक रेषा दिसतात. ताव एकदा दुमडून दोन पाने केली की या रेषा उभ्या राहतात, चार केली की आडव्या, आठ केली की पुन्हा उभ्या, सोळा केली की आडव्या. खिशातल्या पंचांगासाठी ताव याहूनही जास्त वेळा दुमडलेला असू शकतो. म्हणूनच जलचिन्ह कधीच अखंड मिळत नाही, त्याचे तुकडे शिवणीजवळ किंवा कडेला सापडतात. कुंपणात बसलेली स्त्री, समोर सिंह आणि काठीवर टोपी, असे ‘प्रो पात्रिया’ चिन्हाचे तुकडे कोऱ्या पानांत असतील तर ते स्वतंत्रपणे टिपावेत. कोरा कागद छापील कागदाहून वेगळा आणि अधिक चांगला असणे स्वाभाविक आहे, कारण त्यावर शाईने लिहायचे होते.

छापील मजकूर वाचताना तो व्यापाऱ्याच्या दिवसाला धरून वाचावा. रविवार आणि सण तांबड्या शाईत, बाकी काळ्या; तांबड्यासाठी ताव दुसऱ्यांदा दाबाखाली जाई, म्हणून तांबडा आकडा भिंगाखाली आपल्या जागेवरून केसभर सरकलेला दिसतो. चंद्राच्या कला केवळ श्रद्धेसाठी दिलेल्या नसत. भरती-ओहोटी त्यांवर अवलंबून असल्यामुळे कोणत्या बंदरात कधी भरपूर पाणी असेल, याचे कोष्टक त्यांच्या सोबत येते. त्यानंतर गावोगावच्या जत्रा, घोड्यांचे आणि गुरांचे बाजार, टपाल निघण्याचे दिवस, शहराचे दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या वेळा, आणि घोड्याने ओढायच्या प्रवासी नावांचे वेळापत्रक. ॲमस्टरडॅम ते हारलेम हा असा कालवा १६३२ साली खुला झाला आणि ठरलेल्या वेळी नाव सुटण्याची सवय या देशाला लागली. १६०९ मध्ये स्थापन झालेली ॲमस्टरडॅमची विनिमय बँक हिशेब जुळवण्यासाठी वर्षातून दोनदा बंद राहत असे. त्या दिवसांत हुंड्यांचा भरणा होत नसे, त्यामुळे व्यापाऱ्याला ते आधी ठाऊक असणे भाग होते. कोणत्या कोष्टकाची पाने अधिक मळलेली आणि बोटांनी काळवंडलेली आहेत ते पाहावे. नावांच्या वेळापत्रकाचा कोपरा झिजलेला आणि सणांची यादी कोरीकरकरीत असेल, तर मालकाविषयी तेवढीच एक पक्की माहिती हाती लागली.

हस्तलिखित नोंदी वाचायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्यांत तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली चूक महिन्यांची. सातचा आकडा लिहून त्याला ‘बेर’ जोडलेले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. त्याच रीतीने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

दुसरी चूक पैशांची, आणि इथे रुपये-आणे-पै पाहिलेल्या आजोबा-आजींच्या हिशेबवह्या चाळणाऱ्याला डच वाचकापेक्षाही लवकर उमज पडेल, असा माझा अनुभव आहे. रकमेआधीचे वळणदार ‘एफ’ हे फ्लोरिनचे, म्हणजे गिल्डरचे चिन्ह. पुढे दोन बिंदूंनी तोडलेले तीन आकडे येतात: गिल्डर, स्टाउव्हर, पेनिंग. एका गिल्डरचे २० स्टाउव्हर आणि एका स्टाउव्हरचे १६ पेनिंग. ३:१५:८ आणि २:८:१२ यांची बेरीज करायची, तर शेवटच्या रकान्यात २० पेनिंग होतात, त्यांतला १ स्टाउव्हर हातचा घेऊन ४ उरतात. मधे १५, ८ आणि हातचा १ मिळून २४, त्यांतला १ गिल्डर वर जाऊन ४ उरतात. आणि उत्तर ६:४:४ येते. पानाच्या तळाची बेरीज अशी करून पाहिली की मधला एखादा संशयित आकडा १ आहे की ७, हे आपोआप सुटते. मधल्या रकान्यात २० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर आपलेच वाचन चुकले आहे. गिल्डरचे १०० सेंट १८१६ च्या कायद्याने झाले, त्यामुळे सेंटांतली नोंद त्यापूर्वीची असू शकत नाही. रकमेपुढे ‘बँको’ किंवा ‘कुरांत’ यांचे संक्षेप असतील, तर तेही सोडू नयेत. बँकेतल्या खात्यावरचा गिल्डर (बँको) आणि बाजारातले चलनी नाणे (कुरांत) यांचा भाव वेगळा होता आणि बँकेचा पैसा सामान्यतः चार-पाच टक्के वरचढ असे.

तिसरी चूक गावांच्या नावांची. सतराव्या शतकातल्या एखाद्या नोंदीत ‘सुरात्ते’ किंवा ‘विंगुर्ला’ आले, तर ते सुरत आणि आपले वेंगुर्ले होय. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार वेंगुर्ल्याला होती आणि तिचे भग्न दगडी बांधकाम आजही तिथे उभे आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. मात्र अशा एका शब्दावरून पुस्तिकेचा मालक हिंदुस्थानात येऊन गेला, असे म्हणू नये. ॲमस्टरडॅममध्ये बसून मिरी आणि सुती कापडाचे भाव टिपणारे पुष्कळ होते.

वाचताना दोन पानांच्या खोबणीत बारीक चमकते कण दिसतील. ओली शाई लवकर सुकावी म्हणून शिंपडलेली ती रेती होय. पुष्कळ जण तिला धूळ समजून कुंचल्याने झटकून टाकतात. मी एका विक्रेत्याकडे नुकतीच ‘स्वच्छ केलेली’ अशी पुस्तिका पाहिली होती. पाने लख्ख होती, आणि कोणत्या पानावर मालकाने घाईने लिहून लगेच पुस्तिका मिटली, हे सांगणारा पुरावा केराच्या टोपलीत गेलेला होता. त्याचे वाईट मला आजही वाटते. रेती तशीच राहू द्यावी. लोहयुक्त काळ्या शाईने कागद तपकिरी पडून चिरत असेल, तर ते पान वारंवार उलटू नये आणि त्याला पाणी, वाफ किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीही लावू नये.

जपणुकीत आपल्याकडचा मुख्य शत्रू पावसाळा आहे. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर चर्मपत्र, चामडे आणि कागद तिन्ही सुखी राहतात; मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे आपोआप होत नाही. पुस्तिका आम्लरहित कागदात गुंडाळून, आम्लरहित पुठ्ठ्याच्या बेताच्या मापाच्या पेटीत ठेवावी आणि ती पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल व लहान आर्द्रतामापक यांच्यासह ठेवावी. सिलिका जेल पुस्तिकेला टेकता कामा नये. फार कोरडे झाले तरी चर्मपत्र वाकते, म्हणून मापक दर आठवड्याला पाहावा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. पोथ्या लाल फडक्यात बांधण्याची आपली रीत जुनी आहे, परंतु या वस्तूसाठी ते फडके नको. दमट हवेत कच्चा रंग चर्मपत्रावर उतरतो. धुतलेले, न रंगवलेले सुती कापड चालेल. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. कसर दिसली तर घरी औषध फवारू नये.

चांदी काळी पडली म्हणून पॉलिश लावू नये. त्यातला लेप चर्मपत्रात मुरतो आणि बंदाभोवती पांढरा डाग धरतो. चामड्याला तेल किंवा बुटांचे पॉलिश लावणे त्याहून घातक आहे. पुठ्ठा सुटला असेल तर पांढऱ्या सुती फितीने सैल बांधून ठेवावा आणि प्रशिक्षित संवर्धकाकडे न्यावा; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे, तेथे विचारणा करता येते.

खरेदीविषयी थोडेच सांगतो. कासवाच्या कवचाची बांधणी असलेली पुस्तिका परदेशातून मागवू नये: समुद्री कासवांच्या अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधित आहे आणि भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू भारतातून पुन्हा बाहेर न्यायची असेल, तर १९७२ चाच पुरावशेष कायदा आड येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आधी चौकशी करावी. घेण्यापूर्वी हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या आलार्ड पिअर्सन संग्रहाच्या ऑनलाइन सूचींत त्याच वर्षाची प्रत शोधून तिची पानसंख्या विक्रेत्याच्या प्रतीशी ताडून पाहावी.

सरतेशेवटी पेटीत एक चिठ्ठी ठेवावी, शिसपेन्सिलने आम्लरहित कागदावर लिहिलेली. तीत छपाईचे वर्ष आणि ते कशावरून ठरवले, बांधणीचा अंदाज आणि त्याचा आधार, नोंदींतल्या पहिल्या व शेवटच्या तारखा, पानांची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, गहाळ पाने, आणि पुस्तिका आपल्याकडे कोणत्या दिवशी कोठून आली, एवढे असावे. पुस्तिकेच्या स्वतःच्या कोऱ्या पानावर मात्र काहीही लिहू नये.